न पाहिलेल्या चित्रपटावरील अभिप्राय

जें पुस्तक आपण वाचलें नाहीं, त्यावर अभिप्राय देण्याचा अधिकार कोणासहि नाहीं, असें आम्ही गेलीं अठ्ठावीस वर्षें वर्गांत सांगत आलों आहों. हें वाक्य उच्चारतांना आम्ही चष्मा काढून हातांत धरतों आणि खिडकीबाहेर पाहतों, अशी आमची नक्कल विद्यार्थी करतात म्हणे. नक्कल हुबेहूब असावी. कारण मागील श्रावणांत आमच्या भाच्यानें हेंच वाक्य आम्हांस ऐकविलें, तेव्हां त्याचाहि हात नकळत नाकाकडे गेला, आणि त्याला तर चष्मा नाहीं.

भाचा त्या वेळीं आमच्या बदलापूरच्या घरीं बाहेरच्या खोलींत पलंगावर पडून होता. उजवा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्यें. समाचारास येणाऱ्या प्रत्येकास आम्ही चहा देत होतों आणि चहाबरोबर एक निदानहि देत होतों : "काय सांगावें! सगळें त्या एका सिनेमाचें खूळ. टोकियो शहरांत म्हणे पोरें रात्रीं मोटारी उडवितात. तें पाहून आमच्या इकडच्यांचीं डोकीं फिरलीं." मंडळी मान डोलवीत. आपापल्या मुलांच्या डोक्यांविषयीं त्यांनाहि काळजी असते, आणि दोष परदेशीं राहणारा असला म्हणजे सर्वांनाच सोयीचें पडतें. चारपांच दिवस हें निदान निमूटपणें ऐकल्यावर एके सायंकाळीं भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही तो सिनेमा पाहिला आहे का?" आम्हीं अर्थातच पाहिला नव्हता. मग त्यानें तें वाक्य म्हटलें.

घडलें होतें तें असें. आमच्या वस्तीपासून फर्लांगभर अंतरावरून काटई-कर्जत मार्ग जातो. दिवसा त्याच्यावर मालमोटारी, रिक्षा आणि शाळांच्या बसगाड्या यांची दाटी असते. रात्रीं अकरानंतर रस्ता मोकळा होतो, आणि मग उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या तिन्ही गांवचीं कांहीं मुलें मोटारसायकली घेऊन तेथें जमतात. तो आवाज आम्हांस कित्येक वर्षें ओळखीचा आहे : प्रथम एक घुरघुर, मग दोनतीन आवाज एकमेकांत मिसळून उंच चढत जाणारे, आणि ते दूर विरून गेले कीं कुत्र्यांचें भुंकणें. आम्ही कूस बदलतों, "कोणाचीं पोरें आहेत कोण जाणे," असें पुटपुटतों आणि झोपतों. त्या रात्रीं कुत्रीं भुंकलीं नाहींत, एवढाच फरक आमच्या ध्यानांत आला होता. अर्ध्या तासानें दूरध्वनि वाजला.

संध्याकाळपासून पाऊस होता. जेवणें आटोपल्यावर आम्ही उत्तरपत्रिका तपासावयास बसलों होतों. एका विद्यार्थ्यानें राजा लिअर हा हॅम्लेटचा काका असल्याचें लिहिलें होतें आणि त्या नात्याचा आनंद आम्ही एकटेच घेत होतों, तोंच भाच्यानें दारांतून विचारलें, "मामा, गाडीची किल्ली नेऊं का? दहा मिनिटांत येतों." आम्हीं मान वर न करतां "ने" म्हटलें. समाचारास आलेल्या मंडळींस आम्ही सिनेमाची हकीकत सांगत होतों. किल्लीची हकीकत आम्हीं कोणास सांगितली नाहीं.

गाडीवर मागें आमचाच एक विद्यार्थी होता. उल्हासनगरच्या पांच नंबरच्या कॅम्पांत त्याच्या वडिलांचा जीन्सच्या विजारी शिवण्याचा लहानसा कारखाना आहे. सकाळीं महाविद्यालय आणि सायंकाळीं कापड बेतण्याचें टेबल, असा त्या मुलाचा क्रम. थरावर थर घातलेलें जाड कापड यंत्रानें कापतांना त्याचा हात एक सूतभरहि हलत नसे, असें त्याचे वडील अभिमानानें सांगत. वळणावर ओल्या काँक्रीटवरून मागचें चाक सरकलें. भाच्याचा पाय गाडीखालीं आला, आणि त्या मुलाचा उजवा हात गाडी व दुभाजकाचा दगड यांच्यामध्यें सांपडला. तीन बोटें गेलीं.

तर अशा मनःस्थितींत एका रविवारीं दुपारीं आम्हीं पलंगाशेजारीं खुर्ची ओढली आणि भाच्यानें संगणक मांडीवर घेतला. चित्रपट २००६ सालचा. नांव 'द फास्ट अँड द फ्युरिअस : टोकियो ड्रिफ्ट'. २००१ सालीं सुरू झालेल्या मालिकेंतला हा तिसरा. दिग्दर्शक जस्टिन लिन हा तैपेई येथें जन्मलेला आणि कॅलिफोर्नियांत वाढलेला. कथा थोडक्यांत सांगतां येण्यासारखी आहे, किंबहुना ती थोडकीच आहे. शॉन नांवाचा अमेरिकन मुलगा शाळेंतल्या एका धनिकपुत्राशीं शर्यत लावतो, अर्धवट बांधलेल्या घरांतून मोटार आरपार नेतो, आणि तुरुंग चुकविण्यासाठीं टोकियोस आपल्या वडिलांकडे धाडला जातो. तेथें पुन्हां शर्यती, पुन्हां मोडतोड, आणि शेवटीं डोंगरउतारावर एक निर्णायक सामना. सतरा वर्षांच्या या मुलाचें काम करणारा नट लूकस ब्लॅक हा चित्रीकरणाच्या वेळीं बाविशी ओलांडलेला होता आणि दिसतोहि तसाच. पहिल्याच शर्यतींत एक मुलगी, जिंकेल त्याची मी, असें म्हणून स्वतःलाच पणास लावते. द्यूतांत स्त्री पणास लागल्याचें आम्हीं सभापर्वांत वाचलें आहे. परंतु तेथें द्रौपदी प्रश्न विचारून भीष्मासारख्याला निरुत्तर करते. येथें कोणी कांहीं विचारीत नाहीं. आम्हीं हें भाच्यास म्हणून दाखविलें. "मामा, अजून दहाच मिनिटें झालीं आहेत," तो म्हणाला.

या टोकियोविषयीं एक गंमत सांगण्यासारखी आहे. पडद्यावर जें टोकियो दिसतें त्यांतलें पुष्कळसें लॉस एंजलिस येथें उभें केलेलें आहे. शिबुया भागांतला तो प्रसिद्ध चौक खऱ्या टोकियोंतला आहे. परंतु तेथें चित्रीकरणाची परवानगी मिळाली नव्हती, आणि पोलीस आले तेव्हां एका माणसानें आपणच दिग्दर्शक म्हणून पुढें होऊन अटक पत्करली, असें लिन यानें मागाहून सांगितलें आहे. हें आम्हांस समजलें तेव्हां प्रथम उल्हासनगरची आठवण झाली. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ सैनिकांसाठीं उभारलेल्या छावणींत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना ठेवण्यांत आलें; ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें पायाचा दगड बसून त्या छावणीचें उल्हासनगर झालें. घरदार गमावून आलेल्या या माणसांनीं बराकींतच यंत्रें मांडलीं आणि बाजारांत जें खपे तें सर्व करूं लागलीं. तेथल्या मालावर 'यू. एस. ए.' अशीं अक्षरें असतात आणि त्यांचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा होतो, ही थट्टा आम्ही लहानपणापासून ऐकत आलों आहों. आतां अमेरिकेनें जपान घरच्या घरीं तयार करून वर टोकियोची चिठ्ठी लावली, तर त्या थट्टेची परतफेड झाली म्हणावयाची. उल्हासनगरच्या विजारी टिकतात, हें मात्र आम्ही स्वानुभवानें सांगूं शकतों.

कथेंतला खलनायक ताकाशी. त्याची ऐट सगळी आपल्या अंकलच्या जोरावर. हे अंकल कामाता नांवाचे गुंडांचे म्होरके आहेत. ती भूमिका सॉनी चिबा या जुन्या, भारदस्त जपानी नटानें केली आहे. तो २०२१ सालीं कोरोनाच्या साथींत गेला. इंग्रजी भाषा या बाबतींत फार दरिद्री आहे. अंकल म्हणजे चुलता, मामा, मावसा कीं आत्याचा नवरा, हें ती सांगतच नाहीं. हॅम्लेटच्या बाबतींत तो चुलता असल्याचा खुलासा नाटकांतच होतो. येथें तसा कांहीं खुलासा आम्हांस आढळला नाहीं. भाच्यानें मात्र निःशंकपणें निकाल दिला, "मामाच असणार." आम्हीं विचारलें, कशावरून? "काका असता तर इतकें ऐकून घेतलें नसतें." आपल्या भाषेंत मामा हें नातें तसें विचित्रच आहे. शकुनि मामा, कंस मामा, चौकांतला वाहतुकीचा पोलीसहि मामा. आणि एखाद्यास फसविलें म्हणजे त्याला मामा बनविला. किल्ली मागण्यास सर्वांत सोईचा माणूसहि तोच.

हा कामाता पुतण्याला किंवा भाच्याला, जो कोणी असेल त्याला, पाठीशीं घालीत नाहीं. शेवटची शर्यत त्याच्या संमतीनें होते. हरेल त्यानें टोकियो सोडावयाचें. ताकाशीची मोटार कड्यावरून कोसळते, आणि म्हातारा जिंकणाऱ्या परक्या मुलाकडे पाहून, तूं मोकळा आहेस, एवढेंच म्हणतो. चेहऱ्यावरची रेषाहि हलत नाहीं. त्या क्षणीं आम्ही संगणकाच्या पडद्याकडे पाहावयाचें सोडून प्लास्टरकडे पाहत होतों.

परंतु सामन्यापूर्वींचा भाग अधिक चांगला आहे, आणि आमचें निदान तेथेंच डळमळूं लागलें. शॉन पहिली शर्यत एका बहुमजली वाहनतळांत हरतो. सरळ रस्त्यावर तो कोणासहि ऐकणारा नव्हे. परंतु मजल्यामागून मजला चढत जाणाऱ्या अरुंद वळणांवर त्याची विद्या कांहींच कामाची नाहीं. हान नांवाच्या माणसानें विश्वासानें दिलेली सुंदर मोटार तो खांबांवर आपटून भंगार करून टाकतो. तेव्हांपासून हानचें ऋण फेडणें आणि ड्रिफ्ट शिकणें हीं दोन्हीं कामें त्याच्या मागें लागतात. ड्रिफ्ट म्हणजे गाडी वळणावर मुद्दाम घसरूं देणें. मागच्या चाकांना शक्ति देणारी मोटार हवी. वेगांत असतांना हातब्रेक ओढून अथवा इंजिनाचा जोर एकदम वाढवून मागचीं चाकें रस्त्यावरची पकड सोडतील असें करावयाचें. गाडीचें शेपूट बाहेर जाऊं लागलें कीं स्टिअरिंग वळणाच्या उलट दिशेस फिरवून पुढच्या चाकांनीं तिला सांवरावयाचें. गाडी आडवी चालते आणि तरी पुढें जाते. वेगाच्या हिशेबानें ही रीत नेहमींच फायद्याची नसते. परंतु पाहणाऱ्याचा श्वास मात्र थांबतो.

बंदराच्या धक्क्यावर शॉन पुन्हां पुन्हां चुकत असतां, गळ टाकून बसलेला एक कोळी त्याच्याकडे पाहून तोंड वेंगाडतो. हा कोळी म्हणजे केइची त्सुचिया. जपानच्या डोंगरघाटांत तरुणपणीं रात्रीं हीच विद्या करून तो पुढें धंदेवाईक शर्यतपटु झाला. ड्रिफ्टचा राजा म्हणून तो ओळखला जातो, आणि या चित्रपटाला त्याचेंच मार्गदर्शन होतें. या त्सुचियानें ज्याला पाहून ही विद्या उचलली, तो कुनिमित्सु ताकाहाशी. हा मूळचा मोटारसायकलवाला. १९६१ सालीं जर्मनींत जागतिक अजिंक्यपदाच्या मालिकेंतली शर्यत त्यानें जिंकली. दुचाकीवर असा मान मिळविणारा तो पहिला जपानी. पुढल्याच वर्षीं आइल ऑफ मॅन बेटावरच्या शर्यतींत तो पडला व मरतां मरतां वांचला. मग तो चारचाकीकडे वळला, आणि सत्तरीच्या दशकांत वळणावर गाडी घसरवीत नेण्याची त्याची रीत लोक डोळे विस्फारून पाहूं लागले.

ही हकीकत वाचून दाखवीपर्यंत आमच्या भाच्यास एक अगदीं साधी गोष्ट सुचली नव्हती, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसहि नव्हती. घसरलेली मोटार चार चाकांवर उभी तरी राहते. घसरलेली मोटारसायकल पडते. दुचाकीचें मागचें चाक सरकवूनहि तोल राखणारे लोक जगांत आहेत, परंतु ते मातीच्या रिंगणांत, विशिष्ट चाकांवर आणि अंगभर कवचें घालून तें करतात. टोकियोचा चित्रपट चारचाकींचा. तो पाहणाऱ्या आमच्या या तीन गांवांतल्या मुलांच्या हातीं बापाची, मामाची किंवा हप्त्यानें घेतलेली दुचाकी. भाचा बराच वेळ छताकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "तो मला सांगत होता, हळू घे, हळू घे. मला वाटलें तो घाबरला." त्या मुलाचें नांव अपघातानंतर त्याच्या बोलण्यांत त्या दिवशीं प्रथम आलें.

आम्ही कांहीं बोललों नाहीं. बोलण्याचा अधिकार कितपत होता, याचीहि शंका होती. कारण आमच्या घराण्यांत शर्यतीचें खूळ टोकियोहून आलेलें नाहीं. आमचें मूळ गांव मलंगगडाच्या पायथ्याशीं. वडिलांची शेती चार एकर भाताची, आणि बैलांची जोडी मात्र आठ एकरवाल्याला शोभेल अशी. घाटावर ज्याला बैलगाडा म्हणतात, विदर्भांत शंकरपट म्हणतात, त्या शर्यती आमच्याकडे हलक्या छकड्यांच्या होत. भात कापून शेतें मोकळीं झालीं कीं वडिलांचें जेवणावर लक्ष नसे. बैलांना हरभऱ्याची डाळ, अंडीं आणि पिठाचे गोळे. आम्हां भावंडांना पेज. आई यावर जें बोलत असे तें या मासिकांत छापण्यासारखें नाहीं. एकदां, आम्ही दहा वर्षांचे असूं, वडिलांनीं आम्हांस सरावाच्या फेरीला छकड्यावर मागें उभें केलें. पुढें काय झालें हें आम्हांस सलगपणें आठवत नाहीं. वडिलांच्या पाठीला मारलेली मिठी, तोंडावर उडालेली ढेकळें, आणि पायांखालची फळी नाहींशीच झाली आहे असा भास, एवढेंच आठवतें. पुढें आम्हीं पुष्कळ वाचलें, दोन पदव्या घेतल्या, एकदां परदेशींहि जाऊन आलों. तशी अवस्था पुन्हां आली नाहीं. त्याच हंगामांत वडील मोठी शर्यत हरले. घरीं आल्यावर पराणीच्या टोकानें बैलाच्या पुठ्ठ्यावर झालेल्या जखमांना ते तेलहळद लावीत गोठ्यांत बसले. रात्रीं जेवले नाहींत. दुसऱ्या वर्षीं पराणी पुन्हां होतीच.

बैलांच्या वांट्याला निदान न्यायालय आलें. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें या शर्यतींवर बंदी घातली. २०१७ सालीं महाराष्ट्रानें कायदा बदलला, उच्च न्यायालयानें त्यावरहि शर्यतींना स्थगिति दिली, १६ डिसेंबर २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें अटींवर वाट मोकळी केली, आणि १८ मे २०२३ रोजीं पांच न्यायाधीशांच्या पीठानें तो कायदा वैध ठरविला. एवढा खल बैलाच्या पाठीविषयीं झाला, हें योग्यच झालें. मुलांसाठीं मोटार वाहन कायद्यांत १८९ वें कलम आहे. सरकारच्या लेखी संमतीवांचून रस्त्यावर शर्यत लावल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्हीं. किल्ली देणाऱ्याविषयीं त्या कलमांत कांहीं नाहीं. आम्हीं तें दोनदां वाचून पाहिलें.

चित्रपटांत किल्लीचाहि एक प्रसंग आहे, आणि तो आम्हांस विसरतां येत नाहीं. शॉनचा बाप आरमारांतला, अबोल माणूस. एका जुन्या १९६७ सालच्या अमेरिकन मस्टँग मोटारीची फावल्या वेळांत डागडुजी करणारा. मुलानें आल्या दिवशींच मोटारींपासून दूर राहण्याची त्याची अट मोडलेली आहे. तरीहि शेवटीं, मुलगा प्रकरण अंगावर घेऊन निस्तरावयास निघाला असें पाहून, बाप ती गाडी त्याच्या स्वाधीन करतो. शॉननें पूर्वीं भंगार केलेल्या त्या जपानी गाडीचें इंजिन तींत बसवितात, आणि मग बापाचा सांगाडा व मित्राचें काळीज घेऊन ती डोंगर उतरते. तोंवर हान मेलेला असतो. शिबुयाजवळच्या पाठलागांत त्याची मोटार उलटून पेट घेते. मालिकेच्या कर्त्यांनीं पुढें या माणसाला २०२१ सालच्या नवव्या भागांत जिवंत करून परत आणिलें, हा धंद्याचा भाग झाला. परंतु या तिसऱ्या चित्रपटापुरता तो मरतो. त्याला मोल आहे, आणि तें मोल कोणी तरी दिलें याची जाणीव शॉनला आहे. बापानें किल्ली दिली तेव्हां तो मुलाच्या तोंडाकडे पाहत होता. आम्ही लिअरकडे पाहत होतों.

प्लास्टर आश्विनांत निघालें. दिवाळीपूर्वींच्या एका रविवारीं भाचा काठी टेकीत आमच्यापुढें उभा राहिला आणि म्हणाला, "मामा, मला उल्हासनगरला न्याल का?" तोंपर्यंत आम्ही एकटेच दोनदां जाऊन आलों होतों. पहिल्या भेटींत त्या मुलाच्या वडिलांनीं आम्हांस बसवून घेतलें आणि आम्ही तोंड उघडण्यापूर्वींच विचारलें, "साईं, तुमच्या भाच्याचा पाय कसा आहे?" त्यानंतर आम्हांस जें बोलावयाचें होतें तें बोलतां आलें नाहीं. दुसऱ्या भेटींत उपचारांचा अर्धा खर्च आम्हीं द्यावयाचा असें ठरलें. तें ठरवितांना ते फार वेळ संकोचले आणि आम्ही त्याहून अधिक.

दुरुस्त होऊन आलेल्या त्याच गाडीवर आम्ही दोघे निघालों. बदलापूर हें नांव, जुन्या काळीं प्रवासी येथें थकलेले घोडे बदलून ताजे घेत म्हणून पडलें, असें लोक सांगतात. १८५६ सालीं आगगाडी येथून पुढें गेली तेव्हांच त्या ताज्या घोड्यांची गरज संपली असावी. आमचा घोडा त्या दिवशीं ताशीं पंचवीस मैलांच्या वर गेला नाहीं. अंबरनाथचा पूल, वालधुनीच्या कांठच्या शिवालयाकडे जाणारा फाटा, शके ९८२ पासून जागचें न हललेलें तें काळें पाषाणाचें देऊळ झाडांआड कोठेंतरी, सर्व मागें टाकीत आम्ही चाललों होतों, आणि आम्हांस मागें टाकीत रिक्षा, टेंपो, एक पाण्याचा टँकर आणि शेवटीं एक सायकलस्वारहि गेला. "मामा," मागून आवाज आला, "थोडी वेगानें घेतली तरी चालेल. लोक बघताहेत."

कारखान्यांत यंत्रें चालू होतीं. मुलगा आतां बेतण्याच्या टेबलाशीं नसतो. पुढच्या बाजूस हिशेबाच्या वहीपाशीं बसतो, आणि डाव्या हातानें लिहावयास शिकतो आहे. अक्षर आमच्याहून बरें आहे. तो उठला. दोघेहि उभेच राहिले. एकाचा हात काठीवर, दुसऱ्याचा खिशांत. बोलावें कसें हें दोघांनाहि सुचेना, आणि आम्ही दोघे वडीलधारे यंत्रांकडे पाहण्याचें नाटक करूं लागलों. सिंधी घरच्या रीतीप्रमाणें पाण्याचे पेले आणि भाजलेले पापड आले. ताटली त्या मुलानें डाव्या हातानें पुढें केली, आणि आमच्याकडे वळून म्हणाला, "सर, तुम्ही तो सिनेमा पाहिलात म्हणे. कसा वाटला?"

आम्हीं चष्मा काढून हातांत घेतला. दोघेहि हंसावयाच्या बेतांत होते, हें आम्हांस चष्म्यावांचूनहि दिसलें.

"त्यांतला मामा बरा आहे," आम्ही म्हणालों.